पान्हा, विंचू आणि घाम

गाय पान्हा चोरते म्हणजे काय, हे गोठ्यात वावरलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. धारेला नेहमीचं माणूस नसलं, कुत्रं भुंकत आत शिरलं किंवा वासरू नजरेआड असलं की कास गच्च भरलेली असूनही चरवीत चार थेंब पडतात. तेच वासरू आणून लावलं, त्याने दोन-चार ढुशा दिल्या, की मिनिटभरात सड भरतात आणि धार सुरू होते. दूध कासेत आधीपासून होतंच. ते सोडायचं की अडवायचं हे मेंदूत ठरत होतं आणि सोडायचा निरोप रक्तातून येत होता. माणसाच्या शरीरातली चेतासंस्था आणि संप्रेरकं यांच्यावरचं पुस्तक मी गोठ्यापासून सुरू करतो आहे, कारण बाळाला पाजणाऱ्या आईच्या शरीरात अगदी हेच घडतं.

वाट अशी आहे. बाळ ओढू लागलं की स्तनाग्राच्या कातडीतले चेतातंतू जागे होतात. त्यांचा संदेश मज्जारज्जूतून वर चढत मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसपर्यंत जातो. तिथे काही मोठ्या चेतापेशी आहेत. त्या दिसायला आणि वागायला इतर चेतापेशींसारख्याच. विजेचे स्पंद त्यांच्यातूनही धावतात. पण त्यांची लांब शेपटी दुसऱ्या चेतापेशीपाशी किंवा स्नायूपाशी संपत नाही. ती खाली पीयूषिका ग्रंथीच्या मागच्या भागात उतरते आणि एका बारीक रक्तवाहिनीच्या भिंतीला टेकते. स्पंद तिथे पोचला की ऑक्सिटोसिन थेट रक्तात सुटतं. रक्तासोबत ते स्तनात येतं, दुधाच्या सूक्ष्म पिशव्यांभोवती विणलेल्या आकुंचनशील पेशींना आवळतं आणि पान्हा फुटतो. जाताना चेतातंतू, येताना रक्त. या वाटेवर चेतासंस्था कुठे संपली आणि संप्रेरकांचं राज्य कुठे सुरू झालं, याची रेघ मला अजून मारता आलेली नाही. ती मारता येत नाही, हेच मला या पुस्तकात दाखवायचं आहे.

ईली आणि पीटरसन या दोघा अमेरिकी संशोधकांनी १९४१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कासेच्या अर्ध्या भागाला जाणारे चेतातंतू कापून टाकले. तरीही पान्हा दोन्ही भागांत सारखाच आला. म्हणजे निरोप रक्तातून येत होता. मग त्यांनी गायीला मुद्दाम घाबरवलं. तिच्या पाठीवर मांजर ठेवलं, कानाशी कागदी पिशव्या फोडल्या. पान्हा थांबला. अ‍ॅड्रिनॅलिन टोचल्यावरही तो तसाच थांबला. भीतीच्या वेळी सुटणारा हा पदार्थ पान्ह्याच्या आड येतो, हे त्यातून स्पष्ट झालं.

याचा अर्थ बाळंतिणीच्या खोलीत काय होतो, हे आपल्या घरांमध्ये कुणीतरी आवर्जून सांगायला हवं. पहिलटकरणीच्या उशाशी बसून चार बायका ‘हिला दूधच कमी आहे’ असं म्हणत राहतात, आणि ती धास्ती, शिवाय टाक्यांचं दुखणं, दोन्ही मिळून आहे ते दूधही उतरू देत नाहीत. दूध तयार होणं ही एक क्रिया आणि ते उतरणं ही दुसरी. बाळ पिऊ लागल्यावर ओटीपोटात येणारी कळ हीसुद्धा त्याच ऑक्सिटोसिनची. गर्भाशय आकसतं आणि बाळंतपणानंतरचा रक्तस्राव आटोक्यात यायला मदत होते. पुढे काही दिवसांत नुसत्या रडण्याच्या आवाजाने पान्हा फुटू लागतो. क्वचित ते रडणं शेजारच्या बाळाचं असतं. आवाज कानांतून येतो, आठवण मेंदूत असते आणि काम संप्रेरक करतं.

शाळेत मात्र आपण हा विषय दोन तुकड्यांत शिकतो. आधी चेतासंस्था, तिच्या आकृत्या, प्रतिक्षिप्त क्रिया. मग अंतःस्रावी ग्रंथींचा तक्ता, त्यात ग्रंथीचं नाव, संप्रेरकाचं नाव आणि कार्य. परीक्षेत फरक स्पष्ट करा. त्यासाठी एक उपमाही ठरलेली असते: चेतासंस्था म्हणजे टेलिफोन आणि संप्रेरकं म्हणजे टपाल. एक झटपट आणि नेमकी, दुसरं सावकाश आणि सगळीकडे पसरणारं. मी स्वतः वर्गात ही उपमा अनेकदा वापरली आहे. पहिल्या तासाला ती उपयोगी पडते. दुसऱ्या तासापासून ती आड येऊ लागते.

उंबऱ्याला अंगठा ठेचतो तेव्हाचं आठवून पाहा. पहिली कळ लख्ख आणि टोकदार. ती ओसरते न ओसरते तोच मागून दुसरी येते. बोथट, पसरट, बराच वेळ ठणकत राहणारी. ठेच एकच, पण संदेश दोन प्रकारच्या तंतूंतून निघाले. मायलिनचं वेष्टण असलेले सर्वात जाड चेतातंतू सेकंदाला १०० मीटरच्या पुढे संदेश नेतात. पहिली लख्ख कळ नेणारे तंतू त्याहून बरेच सावकाश, तरी सेकंदाला काही मीटर तरी नेतातच. ठणका नेणारे बारीक, वेष्टण नसलेले तंतू मात्र सेकंदाला जेमतेम मीटरभर. म्हणजे टेलिफोनही सगळे एका वेगाचे नाहीत. उलट अ‍ॅड्रिनॅलिन रक्तात मिसळलं की काही सेकंदांत छाती धडधडू लागते आणि दोन-तीन मिनिटांत त्याची रक्तातली मात्रा निम्म्यावर येते. हे टपाल कसलं? आणि कॉर्टिसॉलसारखं संप्रेरक पेशीच्या केंद्रकात शिरून जनुकांचं काम बदलतं, त्याचा परिणाम पुरता दिसायला तास लागतात. एका टोकाला सेकंदाचे हजारांश आणि दुसऱ्या टोकाला दिवस, महिने, वाढीच्या बाबतीत वर्षं. शरीर या सगळ्या गती एकाच कामाला जुंपतं.

दोन तुकड्यांची ही सवय जुनी आहे आणि तिला इतिहास आहे. चेतातंतूतला संदेश इतका वेगवान की तो मोजताच येणार नाही, असं योहानेस म्युलर यांच्यासारखे शास्त्रज्ञ मानत. त्यांचेच शिष्य हेल्महोल्ट्झ यांनी १८५० मध्ये बेडकाच्या पायावर प्रयोग करून तो सेकंदाला साधारण तीस मीटर मोजला. त्यानंतर अर्धं शतक चेतासंस्थेचा दबदबा एवढा वाढला की शरीरात जे काही वेळेवर घडतं ते तिच्याच हुकमाने, असं धरलं जाई. रशियात पाव्हलोव्ह यांनी पचनाचा सगळा डोलारा चेतातंतूंवर उभा केला होता आणि त्याच कामाला १९०४ चं नोबेल मिळालं.

त्याच्या दोन वर्षं आधी, १६ जानेवारी १९०२ या दिवशी, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बेलिस आणि स्टार्लिंग यांनी भूल दिलेल्या कुत्र्याच्या लहान आतड्याचा एक भाग वेगळा बांधून घेतला आणि त्याचे सगळे चेतातंतू तोडले. आता त्या भागाचा उरलेल्या शरीराशी संबंध फक्त रक्तवाहिन्यांतून होता. त्यात त्यांनी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल सोडलं, जठरातून येतं तसं. स्वादुपिंडाचा रस पहिल्यासारखाच ठिबकू लागला. स्टार्लिंग यांना तिथल्या तिथे उमगलं की हे रसायनाचं काम आहे. त्यांनी आतड्याचं अस्तर खरवडलं, वाळू आणि आम्ल घालून घोटलं, गाळलं आणि तो गाळलेला द्रव कुत्र्याच्या मानेतल्या शिरेत टोचला. रस पुन्हा आला. सिक्रेटिन असं नाव मिळालेल्या या पदार्थातून नवं शास्त्र उभं राहिलं. पाव्हलोव्ह यांनी आपल्या प्रयोगशाळेत हा प्रयोग करवून घेतला आणि निष्कर्ष मान्य केला, हे त्यांच्या मोठेपणाला शोभणारं होतं.

पण ही गोष्ट बहुतेक पुस्तकांत ‘चेता हरल्या, संप्रेरकं जिंकली’ अशी सांगितली जाते, ते मला पटत नाही. पाव्हलोव्ह यांनी पाहिलेलंही खरंच होतं. फोडणीचा वास आला की तोंडाला पाणी सुटतं, जठरात आम्ल झरू लागतं, स्वादुपिंडही थोडं आधीच कामाला लागतं. यातलं जठराचं आणि स्वादुपिंडाचं काम व्हेगस या लांबलचक चेतेमार्फत. अन्न आतड्यात उतरल्यावर सिक्रेटिन आणि त्याची भावंडं काम पुढे नेतात. एकाच जेवणाचे हे दोन टप्पे आहेत.

मग १९२१ साली ग्राझमध्ये ऑटो लोवी यांनी बेडकाची दोन हृदयं क्षारद्रवात ठेवली. एकाची व्हेगस चेता उत्तेजित केली, ते मंदावलं. त्याभोवतीचा द्रव काढून दुसऱ्या हृदयावर घातला. त्याची चेता कुणी छेडलीच नव्हती, तरी तेही मंदावलं. चेतातंतूचं टोक विजेवर थांबत नाही, तिथे रसायन सुटतं, हे त्या दिवशी दिसलं. पुढे ते रसायन अ‍ॅसिटिलकोलिन असल्याचं ठरलं. म्हणजे चेतासंस्थासुद्धा शेवटच्या पायरीवर रसायनानेच बोलते. नॉरअ‍ॅड्रिनॅलिनचा रेणू चेतातंतूच्या टोकातून अत्यंत अरुंद फटीत सुटला तर आपण त्याला चेतासंदेशक म्हणतो, आणि तोच रेणू ग्रंथीतून रक्तात आला तर संप्रेरक. रेणूत काडीचाही फरक नाही.

ही ग्रंथी म्हणजे मूत्रपिंडावर टोपीसारखी बसलेली अधिवृक्क. वजन चार-पाच ग्रॅम. तिचा गाभा गर्भावस्थेत त्याच पेशींपासून बनतो, ज्यांच्यापासून सिंपथेटिक चेतापेशी बनतात. या पेशींनी चेतापेशीची लांब शेपटी कधी काढलीच नाही; त्या गटाने राहिल्या आणि आपलं रसायन रक्तात सोडू लागल्या. मज्जारज्जूकडून येणारे चेतातंतू थेट त्यांच्यापर्यंत पोचतात. रस्त्यात अचानक गाडी अंगावर आली तर हृदयाला, रक्तवाहिन्यांना, बुबुळांना चेतातंतूंचा हुकूम पोचतो आणि त्याच क्षणी अधिवृक्कालाही. तिचं अ‍ॅड्रिनॅलिन मागोमाग सगळीकडे फिरतं, जिथे चेतातंतू पोचत नाहीत तिथेही, आणि चेतातंतूंनी सुरू केलेलं काम टिकवून धरतं.

ही सांगड बिघडली तर काय होतं, ते कोकणाने फार जवळून पाहिलं आहे. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या पट्ट्यात लाल विंचू आहे. त्याच्या दंशाने धडधाकट माणसं, आणि विशेषतः लहान मुलं, काही तासांत दगावत. महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी हे मृत्यू पाहिले. ते रुग्णांच्या उशाशी बसले आणि काय, कोणत्या क्रमाने घडतं ते लिहीत गेले. उलट्या, अंगभर घाम, तोंडाला लाळ. मग हातपाय बर्फासारखे गार, रक्तदाब चढलेला, नाडी धावती. मग धाप, खोकल्यातून गुलाबीसर फेस, फुप्फुसं पाण्याने भरलेली. पायाला किंवा बोटाला एक लहानसा दंश, आणि मृत्यू हृदय-फुप्फुसांच्या वाटेने.

विष काय करतं? चेतातंतूच्या आवरणात सोडियमची सूक्ष्म दारं असतात. ती उघडली की स्पंद जन्मतो आणि सेकंदाच्या हजारांश भागात ती मिटली की थांबतो. लाल विंचवाचं विष ही दारं वेळेवर मिटू देत नाही. एकेक तंतू पुन्हा पुन्हा स्पंद सोडत राहतो. स्वायत्त चेतासंस्थेची दोन्ही अंगं एकदम उसळतात आणि अधिवृक्कालाही हुकमामागून हुकूम जात राहतात. नॉरअ‍ॅड्रिनॅलिन आणि अ‍ॅड्रिनॅलिन यांचा पूर रक्तवाहिन्या आवळतो, त्या दाबाविरुद्ध पंप करताना हृदय थकतं, आणि रक्त मागे तुंबून फुप्फुसांत पाणी झिरपतं. त्याच पुरात इन्सुलिन दबतं आणि साखर चढते. थोडक्यात, संकटाच्या वेळी वाचवणारी सगळी यंत्रणा संकट नसताना चालू होते आणि बंदच होत नाही.

गार पडलेलं अंग घामाने निथळतं, हे आधी विचित्र वाटतं. घाम तर अंग तापल्यावर यायचा. पण कातडीतल्या रक्तवाहिन्या नॉरअ‍ॅड्रिनॅलिनने आवळल्या जातात, आणि घामाच्या ग्रंथींना जाणारे तंतू सिंपथेटिक असूनही अ‍ॅसिटिलकोलिन सोडतात. घामाचा हा अपवाद वाचकाने लक्षात ठेवावा. शेवटच्या प्रकरणात त्याचं मोठं काम आहे.

१९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये बावस्करांची धोक्याच्या पूर्वचिन्हांवरची नोंद आली. १९८६ मध्ये तिथेच प्राझोसिनच्या उपचाराबद्दल त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी लिहिलं. प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी. ती विषाला हात लावत नाही. रक्तवाहिन्यांवरच्या ज्या अल्फा रिसेप्टरांना नॉरअ‍ॅड्रिनॅलिन चिकटतं, ती जागा ती अडवते. हुकूम सुटत राहतात, पण रक्तवाहिन्या ते मानत नाहीत, आणि विष उतरेपर्यंतचा वेळ मिळतो. गंभीर रुग्णांमधला तीस टक्क्यांच्या आसपासचा मृत्युदर एका टक्क्याच्या घरात आल्याचं त्यांनी नोंदवलं. पुढे हाफकिनचं प्रतिविषही आलं, आणि दोन्ही मिळून दिल्यास रुग्ण लवकर सावरतो हे २०११ मध्ये दाखवलं गेलं. एका खेड्यातल्या दवाखान्यातून शरीरक्रियाशास्त्राचं इतकं नेमकं ज्ञान निघालं, याचा मला मनापासून अभिमान वाटतो, आणि म्हणून हे पुस्तकातलं सर्वात मोठं प्रकरण झालं आहे.

विंचू ‘उतरवणारे’ अजून गावोगाव आहेत आणि त्यांच्यावर विश्वास बसण्याचं कारणही आहे. बऱ्याच दंशांत नुसत्या वेदना होतात, त्या काही तासांत आपोआप ओसरतात, आणि श्रेय मंत्राला जातं. पण ज्याला घाम सुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले, त्याच्यापाशी असे तास नसतात. त्याला थेट दवाखान्यात न्यायला हवं.

हायपोथॅलॅमसच्या इतर कामांवर तीन प्रकरणं आहेत, त्यांचा इथे उल्लेखच करतो. रक्त एक-दोन टक्क्यांनी दाट झालं की तिथल्या पेशींना ते कळतं. एकीकडे तहान लागते, दुसरीकडे व्हाझोप्रेसिन सुटून लघवी कमी होते. त्यात वागणूक आणि संप्रेरक अशी वाटणी कुणी केलेली नाही. पीयूषिकेच्या पुढच्या भागावर मात्र हायपोथॅलॅमस वेगळ्या रीतीने ताबा ठेवतो: एका खास, चिमुकल्या रक्तवाहिन्यांच्या जाळ्यातून. ते निरोप शोधण्यासाठी गियमँ आणि शॅली यांच्या प्रयोगशाळांनी मेंढ्यांचे आणि डुकरांचे लाखो मेंदू कत्तलखान्यांतून गोळा केले, तेव्हा काही मिलिग्रॅम पदार्थ हाती लागला. १९७७ चं नोबेल त्यासाठी होतं.

या पुस्तकात ‘हार्मोन संतुलित करणारा आहार’ सापडणार नाही. ‘हार्मोन बिघडलेत’ हे वाक्य हल्ली थकव्यापासून चिडचिडीपर्यंत सगळ्याला लावलं जातं, आणि त्याच्या पाठोपाठ काहीतरी विकलं जातं. कोणतं संप्रेरक, किती, दिवसाच्या कोणत्या वेळी मोजलेलं, हे विचारल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ नाही. कॉर्टिसॉल सकाळी जास्त आणि मध्यरात्रीच्या सुमारास कमी असतं. वेळ न सांगता त्याचा आकडा वाचणं व्यर्थ आहे.

शेवटचं प्रकरण मधुमेहात साखर अचानक उतरते त्याबद्दल आहे, आणि ते मी सर्वात काळजीपूर्वक लिहिलं आहे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना जेवण चुकलं, एकादशीचा उपास धरला, तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते. मेंदूला ते सहन होत नाही. तो चेतातंतूंना आणि अधिवृक्काला एकदम जागं करतो. छाती धडधडते, हात थरथरतात, भूक लागते, घाम फुटतो. ही शरीराची धोक्याची सूचना आहे. पण साखर वारंवार उतरत राहिली तर सूचना उशिरा आणि दुबळी येऊ लागते. माणूस एकदम गोंधळतो, असंबद्ध बोलतो, बेशुद्ध पडतो. काही आठवडे साखर उतरू दिली नाही तर सूचना बऱ्याच अंशी परत येते. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकर गटाची गोळी चालू असली तर धडधड आणि थरथर झाकली जाऊ शकते, कारण ती अ‍ॅड्रिनॅलिनची कामं. घाम मात्र झाकला जात नाही, कारण तो अ‍ॅसिटिलकोलिनचा.

म्हणून मधुमेही माणसाला अवेळी गार घाम सुटलेला दिसला तर उकाड्यावर किंवा अशक्तपणावर न ढकलता साखर तपासावी. यंत्र हाताशी नसलं आणि माणूस शुद्धीवर असला तर तीन-चार लहान चमचे साखर पाण्यात घालून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावं, आणि बरं वाटल्यावर जेवू घालावं. शुद्ध नसली तर तोंडात काहीही घालू नये, दवाखाना गाठावा. हे प्रकरण रुग्णाच्या आधी त्याच्या घरात स्वयंपाक करणाऱ्या माणसाने वाचावं, अशी माझी विनंती आहे.